पहिल्या थराची प्राची

प्राची धुरी माझ्या क्लासला पहिल्यांदा आली तेव्हा तिने दाराबाहेर आपल्या चपला काढल्या, बाकीच्या बायकांच्या इकडेतिकडे पडलेल्या चपला सरळ ओळीत लावल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. मला ते आवडलं नाही. मी इंग्रजी शिकवते, चपलांची रांग लावणं नाही. पण पुढे कळलं की ही तिची खोडच आहे. विस्कटलेलं काही दिसलं की तिच्या हातांना चैन पडत नाही.

माझा सगळा जन्म डोंबिवलीत मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत राहायला आले. वारा छान, लिफ्ट आहे, आणि मंगळवारी गणपतीच्या दर्शनाला आलेला एखादा जुना विद्यार्थी अचानक दारात उभा राहतो. एवढ्यावर माणसाने सुखात राहावं, पण मला गप्प बसवत नाही. म्हणून हॉलमध्ये सतरंजी टाकून बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. लोक म्हणतात मी तापट आहे. तसं काही नाही. मला फक्त खोटं वाक्य सहन होत नाही.

खोटं म्हणजे काय ते सांगते. पाठ्यपुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर 'आय कॅन प्ले द गिटार.' टिटवाळ्यात कुणाच्या घरी गिटार आहे? बायकांनी ते वाक्य घोकायचं, म्हणून दाखवायचं आणि घरी जाऊन विसरायचं. अशाने इंग्रजी येत नाही. म्हणून माझ्या क्लासचा एक नियम आहे. जिने 'आय कॅन' म्हटलं, तिने ते तिथल्या तिथे करून दाखवायचं. नयन नावाची एक वयस्क बाई ब्लाउज शिवते. ती म्हणाली, आय कॅन थ्रेड अ नीडल विदाउट ग्लासेस. या वयात! आम्ही सुई-दोरा दिला, तिने एका झटक्यात ओवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी म्हणाली, आय कॅन व्हिसल. वाजव म्हटलं. तिने अशी शिट्टी मारली की खालचा वॉचमन जिना चढून विचारायला आला.

'कान्ट' मात्र शिकवावं लागत नाही. आय कान्ट ड्राइव्ह, आय कान्ट स्विम, आय कान्ट स्पीक. 'कान्ट' म्हणताना अडखळली अशी बाई मी अजून पाहिलेली नाही. अडखळतात त्या 'आय कॅन'पाशी. आणि त्यांचा दोष नाही. आपल्या भाषेत आपण म्हणतो, मला पोहता येतं. मला भाकरी जमते. म्हणजे काम आपलं पाहुण्यासारखं आपल्याकडे येतं, आपण फक्त दार उघडायचं. शिवाय कुणी विचारलं तर 'थोडंफार येतं हो' म्हणायची पद्धत. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी बाईही 'थोडंफार' म्हणते. इंग्रजीत मात्र 'आय' आधी उठून उभा राहतो आणि मग काय येतं ते सांगतो. आमच्या बायकांना असं उभं राहण्याचीच लाज वाटते.

प्राचीची गोष्ट मात्र वेगळी होती. तिला लाज नव्हती. ठाण्यात कोलशेतला खाडीच्या अंगाला जे मोठं ऑफिसांचं संकुल झालंय, तिथे ती गेटवर सिक्युरिटी गार्ड होती. निळा शर्ट, काळी पँट, केसांचा घट्ट अंबाडा. दिवसभर शेकडो माणसांना थांबवायचं, पिशव्या बघायच्या, आत सोडायचं. अशा बाईला कसली लाज? तिला हवं होतं सुपरवायझरचं पद. पाळ्यांची ड्यूटी सुटून पक्की दिवसाची ड्यूटी, हातात वॉकीटॉकी आणि हाताखाली गेटवरचे सगळे गार्ड. मुलगी ऐश्वर्या दहावीत होती आणि नवरा दिपेश अंबरनाथला कारखान्यात, त्यालाही पाळ्या. आठवड्यातून कधीतरी तिघं एकत्र जेवायचे. दोनदा ते पद रिकामं झालं आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणून बसवला, कारण हिला इंग्रजी बोलता येत नव्हतं. आता तिसऱ्यांदा जागा निघाली होती, आणि ही एकदा भरली की कित्येक वर्षं हलणार नाही असं सगळे म्हणत होते.

"मॅडम, या वेळेला नाही झालं ना, तर मग गेटवरच म्हातारं व्हायचं," ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

मी तिला सतरंजीच्या मध्यभागी उभं केलं. "सांग, व्हॉट कॅन यू डू?"

"वी कॅन मेक सिक्स लेयर्स."

मला वाटलं केक. म्हटलं, कसले लेयर्स? तर सगळ्या बायका हसायला लागल्या. प्राची दहीहंडीच्या महिला पथकात होती. मानवी मनोऱ्याचे सहा थर. नियमाप्रमाणे करून दाखव म्हणण्याची सोय नव्हती. "मॅडम, तुमचं छत फुटेल," ती म्हणाली.

"बरं, पण 'वी' कशाला? मी तुला विचारलं. आय कॅन म्हण."

"ते आमच्यात चालत नाही."

आमच्यात म्हणजे पथकात. पथकाच्या प्रशिक्षक गंगुबाई. वय साठीच्या पुढे, एके काळी गावच्या कबड्डी संघात खेळलेल्या, आता टिटवाळ्याच्या बाजारात भाजी विकतात आणि गुरुपौर्णिमेपासून रोज संध्याकाळी मैदानात मुलींचा घाम काढतात. त्यांचा एक कायदा होता. पथकात 'मी' म्हणायचं नाही. मी चढले, मी पकडलं, मी हंडी फोडली, काहीही नाही. आपण चढलो, आपण फोडली. जी चुकून 'मी' म्हणेल तिने मैदानाच्या मध्ये कान धरून उठाबशा काढायच्या. प्राची त्या पथकात लग्नानंतर लगेच आलेली. इतक्या वर्षांत तिच्या जिभेवरून 'मी' पुसूनच गेला होता. ती नवऱ्यालाही म्हणायची, आज आपण उशिरा येऊ. तो बिचारा विचारायचा, मीपण?

मी म्हटलं, पथकात काय ते म्हणा, माझ्या हॉलमध्ये 'आय' चालेल. ती मान हलवायची. कॅन, कुड, एबल टू, सगळं शिकली. लहानपणी येत होतं आणि आता येत नाही त्याला कुड. आय कुड क्लाइम्ब ट्रीज. एका विशिष्ट वेळी खटपट करून जमलं त्याला वॉज एबल टू. पुढे जमेल त्याला विल बी एबल टू. वहीत सगळं बरोबर. तोंडाने मात्र 'वी'. मी दहा वेळा थांबवायचे, ती दहा वेळा "सॉरी मॅडम" म्हणायची, आणि अकराव्या वेळी पुन्हा 'वी'. माझा पारा चढायचा.

मग व्हायचं तेच झालं. मुलाखतीची पहिली फेरी कोलशेतच्या ऑफिसातच होती. मुलाखत घेणारे मेलरॉय सर, त्या संकुलाचे मॅनेजर. दुसऱ्या दिवशी प्राची क्लासला आली ती कोपऱ्यात जाऊन बसली. चपलासुद्धा सरळ केल्या नाहीत. तेव्हाच मी ओळखलं.

"काय विचारलं?"

"सरांनी विचारलं, लिफ्ट बंद पडली तेव्हा तू काय केलंस."

त्या लिफ्टची हकिगत क्लासमध्ये सगळ्यांना माहीत होती. संकुलातली एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत माणसं होती, त्यातली एक बाई गरोदर. तंत्रज्ञ येईपर्यंत प्राची त्या दाराच्या फटीशी तोंड लावून उभी राहिली आणि आतल्या बाईशी बोलत राहिली. नाव काय, गाव कुठलं, डोहाळे कसले लागलेत. कुणी म्हणालं खाली जा, कुणी म्हणालं बाजूला हो, पण ती दार सोडून हलली नाही. दार उघडलं तेव्हा ती बाई आधी हिच्याच गळ्यात पडली.

"मग तू काय सांगितलंस?"

"वी वेअर एबल टू हेल्प."

"आणि मग?"

"सर म्हणाले, हू इज वी? तर सांगितलं, सर, लिफ्टमन सीताराम होता, दोन गार्ड होते, टेक्निशियन होते. ते म्हणाले, ते सगळे इंटरव्ह्यूला आलेत का? मला एकच माणूस घ्यायचाय. तुम्ही काय करू शकता ते मला अजून कळलेलंच नाही." तिने पदराशी चाळा केला. "पण एकदम 'नाही' असं नाही म्हणाले. हंडीनंतर दुसरी फेरी घेतो म्हणाले. विचार करून या."

मी भडकले. मेलरॉय सरांवर नाही, ते बरोबरच बोलले होते. प्राचीवर भडकले. "एवढं चांगलं काम स्वतः केलंस आणि सगळ्यांना वाटून आलीस? हळदीकुंकवाचं वाण आहे का ते?" मी फळ्यावर मोठा 'आय' काढला आणि तिला सांगितलं, रोज याच्यापुढे उभी राहा.

ही बातमी बाजारापर्यंत जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. समोर गंगुबाई. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा कमरेवर.

"बाई, तुम्ही आमच्या पोरीला मी-मी शिकवता असं आयकलं."

मी म्हटलं, "शिकवते. तुमच्या 'आपण'पायी तिची नोकरी अडलीय."

"आणि तुमच्या 'मी'पायी कुणाची मान मोडली तर? वर चढलेली एक पोरगी मनात मी म्हणाली ना, का तिचा पाय तिरका पडतो. माझ्या डोळ्यानं बघितलंय."

मी काय ऐकून घेणार? मीही बोलले, त्याही बोलल्या. शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. शेवटी गंगुबाईंनी पिशवीतली मेथीची जुडी काढून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "भांडण नंतर करू. हंडीच्या दिवशी टेम्पोत बसा आन् ठाण्याला या. एकदा बघा. मग शिकवा काय शिकवायचं ते."

मेथी ताजी होती. मी गेले.

ठाण्याचा तो चौक कसा असतो ते सांगायची गरज नाही. लाउडस्पीकरांनी छातीत धडधड, वरून पाण्याचे फवारे, जिकडे तिकडे टी-शर्ट घातलेली पथकं. मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. पथकांना आधी सलामी द्यायची असते. म्हणजे जेवढे थर लावता येतात तेवढे लावून दाखवायचे, वरच्या मुलीने हात उंचावायचा आणि सगळ्यांनी शिस्तीत खाली उतरायचं. मला वाटलं, अरे, हा तर माझ्याच क्लासचा नियम झाला. येतं म्हणता ना, मग करून दाखवा.

गंगुबाईंची शिट्टी वाजली. प्राची आणि तिच्या जोडीच्या बायका तोंडं आत करून गोल उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या खांद्यांत हात गुंतवले. त्यांच्या बाहेर आधाराला मोठा घेर. मग दुसरा थर यांच्या मांड्यांवर पाय देऊन खांद्यावर चढला. मग तिसरा. मी पायरीवर बसलेली, त्यामुळे सगळं जग वर बघत असताना मला खालचं दिसत होतं. प्राचीचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होत्या तिच्या पोटऱ्या, दोरखंडासारख्या ताणलेल्या, आणि अनवाणी पायाची बोटं, ओल्या डांबराला घट्ट धरून ठेवलेली. चौथा थर लागताना मनोरा डावीकडे झुकला. लोक ओरडले. गंगुबाईंनी हात खाली केला आणि सगळ्या भराभर उतरल्या, एकही पडली नाही. पुन्हा गोल. पुन्हा खांदे. या वेळी चौथा लागला, पाचवा लागला, आणि सगळ्यात वर चढते ती एक्का, आमच्या टिटवाळ्याची शिवानी, कॉलेजात जाणारी काटकुळी पोरगी, डोक्याला हेल्मेट, कमरेला सुरक्षेची दोरी, सरसर वर गेली. मनोरा थरथरला. मी प्राचीच्या पायांकडे बघत होते. वरचं सगळं हललं, पण ते पाय हलले नाहीत. शिवानीने हात उंचावला आणि चौक दणाणला. मीही पायरीवर उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण घसा दोन दिवस बसला होता.

उतरताना वरची आधी उतरते आणि पहिला थर शेवटी सुटतो. तोपर्यंत सगळ्यांनी शिवानीला उचललं होतं, मोबाइल वर झाले होते. प्राची खांदे चोळत माझ्याकडे आली. खांद्यावर टाचांचे लालभडक ठसे उमटलेले.

"अगं, केवढा उंच गेला मनोरा! तिने हंडीखाली हात उंचावला तेव्हा कसं वाटलं तुला?"

"मॅडम, मला कुठे दिसलं?" ती सहज म्हणाली. "मला हंडी कधी दिसलेलीच नाही. आपली मान खाली असते ना. रात्री व्हिडिओ येतो त्यात बघते."

इतकी वर्षं ही बाई दहीहंडी खेळते आणि हिने हंडी पाहिलेली नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला अभिमान वाटला, असा की ऊर भरून यावा. माझी विद्यार्थिनी आहे ही, असं आजूबाजूच्या अनोळखी लोकांना धरून सांगावंसं वाटलं. आणि एकाला सांगितलंही.

परतताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, "प्राची, खाली उभं कोण असतं?"

"आपण."

"ते राहू दे. तुझ्या दोन पायांवर कोण उभं असतं?"

मग तिने पुढे बसलेल्या गंगुबाईंकडे चोरून नजर टाकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी."

घरी आल्यावर मी फळ्यावरचा 'आय' पुसून टाकला. त्याची गरज उरली नव्हती.

दुसरी फेरी व्हिडिओ कॉलवर ठरली. प्राचीच्या घरी नेटवर्क धड नाही, म्हणून ती माझ्या हॉलमध्ये बसून मुलाखत देणार होती. सुट्टीचा दिवस असूनही कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आली. हॉलमधल्या चार खुर्च्या आधी भिंतीला समांतर केल्या, मग बसली. मी स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला नाही, पंखा बंद केला आणि दाराआड उभी राहिले. मुलांच्या बोर्डाच्या परीक्षेलाही मी इतकी घाबरलेली नव्हते.

मेलरॉय सरांनी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाले, "लास्ट टाइम यू सेड वी, वी, वी. टुडे टेल मी. व्हॉट कॅन यू डू?"

मी हातातली सांडशी घट्ट धरली.

"आय कॅन स्टँड, सर."

"स्टँड? एव्हरीबडी कॅन स्टँड."

"नो, सर." तिचा आवाज जरा चढला. "इन अवर दहीहंडी टीम, आय ॲम फर्स्ट लेयर. अप्पर गर्ल्स कॅन क्लाइम्ब. आय कान्ट क्लाइम्ब. आय कॅन स्टँड. व्हेन दे आर शेकिंग, आय कॅन स्टँड. व्हेन आय ॲम पेनिंग, आय कॅन स्टँड. सो दे कॅन क्लाइम्ब, सर."

'आय ॲम पेनिंग'! हजार वेळा सुधारलेली चूक. दुखतंय हे आपण जसं म्हणतो तसं तिथे घुसतंच. पण त्या दिवशी कुणी ती चूक सुधारायला आलं असतं तर मी त्याला सांडशीने मारलं असतं.

मला वाटलं नेटवर्क गेलं. मग मेलरॉय सर एकदम मराठीत म्हणाले, "पहिल्या थराला? आतल्या गोलात का बाहेरच्या?"

"आतल्या, सर."

"मी ठाण्याचाच आहे हो. आमच्या गॅलरीतून दिसायची हंडी. माझी आई नेहमी म्हणायची, वर बघू नकोस, खालच्यांकडे बघ." मग त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा साहेबी आवाज काढला. "ओके. नाऊ टेल मी अबाउट द लिफ्ट. स्लोली."

आणि तिने सांगितलं. आय स्टूड निअर द डोअर. आय टॉक्ड टू द लेडी. पीपल सेड गो, आय डिड नॉट गो. सीताराम ब्रॉट द टेक्निशियन, दॅट वॉज सीताराम. बट द डोअर, सर, दॅट वॉज मी. व्याकरण जिथे तिथे लंगडत होतं, पण एकही वाक्य खोटं नव्हतं. सीतारामचं सीतारामला, हिचं हिला. दाराआड मी पदराने डोळे पुसत होते आणि स्वतःवरच चिडत होते, कारण मला रडायला आवडत नाही.

निकाल आला तेव्हा पथकाचं जेवण होतं. हंडी झाल्यावर एका रविवारी मैदानात पुरीभाजी करतात आणि सगळ्या जणी पुढच्या वर्षापर्यंत मोकळ्या होतात. मलाही बोलावणं होतं. प्राचीचा फोन वाजला, ती बाजूला गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. मिळालं. सोमवारपासून सुपरवायझर. पोरींनी असा गलका केला की झाडावरचे पक्षी उडाले. दिपेश आणि ऐश्वर्या आलेले होते. दिपेश सगळ्यांचे हात हातात घेत सुटला. मी मोठ्याने सांगितलं की ही माझ्या क्लासची आहे, कुणी विचारलं नव्हतं तरी.

पण प्राची मैदानाच्या मधोमध गेली. कान धरले.

"मावशी," ती गंगुबाईंना म्हणाली, "मी इंटरव्ह्यूत 'मी' म्हटलं. खूप वेळा म्हटलं. आत्तापण म्हटलं."

गंगुबाई पुऱ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं, पीठ झटकलं आणि उठून तिच्यासमोर गेल्या. मला वाटलं जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "शिक्षा ती शिक्षा. नोकरी लागली म्हणून सोडणार नाय."

"हो मावशी."

"पण उठाबशा नाय काढायच्या. वर चढ."

"कुठे?"

गंगुबाईंनी पाणी प्यायचं मडकं रिकामं केलं आणि शिवानीला सांगून समोरच्या जांभळाच्या फांदीला बांधायला लावलं. "तिथं. इतकी वर्षं पोरी तुझ्या खांद्यावरनं वर गेल्या. आज तू जा."

प्राचीचा चेहरा पांढरा पडला. शेकडो माणसांना गेटवर अडवणारी बाई लहान पोरीसारखी मागे सरकली. "मावशी, मला नाही येत चढायला. खरंच नाही येत. माझं वजन बघा."

"आपण आहोत ना खाली," गंगुबाई म्हणाल्या.

पोरी गोल झाल्या. आज पहिल्या थरात ज्या कायम वर असतात त्या उभ्या राहिल्या, शिवानीसुद्धा. आधाराच्या घेरात जागा रिकाम्या राहिल्या, तर दिपेश आणि ऐश्वर्या घुसले. गंगुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझा गुडघा. आय कान्ट."

"तुमच्या क्लासात हे चालतं?" त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि घेरात जाऊन शिवानीच्या पाठीला दोन्ही हात लावून उभी राहिले. प्राचीने पहिला पाय ठेवला, घसरला. दुसऱ्यांदा ठेवला, घसरला. दिपेशने टाच धरली, ऐश्वर्याने कंबर. कुणीतरी कण्हलं, कुणीतरी हसलं, आणि माझ्या हाताखालची शिवानीची पाठ एकदम जड झाली. मान वर करून बघावंसं वाटत होतं. पण पाठीवर हात असला की वर बघायचं नसतं, एवढं मला त्या दिवशी चौकात कळलं होतं. मी खाली मातीकडे बघत राहिले.

मग वरून प्राचीचा आवाज आला, अगदी हळू.

"मॅडम, इथून स्टेशन दिसतंय. तुमची बिल्डिंगपण दिसतेय. आणि हंडी..." ती थांबली. "हंडी इथे माझ्या तोंडासमोर आहे."

माझा गुडघा ठणकत होता. मी हलले नाही.